एकतिसाव्या नंबरची हजेरी

मंदाकिनीबाईंना पैठणी नेसून एकच काम करायचं होतं. शेवटच्या वर्गाची हजेरी घ्यायची होती. नारळ, शाल, हार, हेडसरांचं भाषण, हे मिळालं तर ठीक, नाही मिळालं तरी काही अडत नव्हतं. तेहतीस वर्षं डोंबिवलीच्या एका मराठी शाळेत त्यांनी पोरांची नावं पुकारली होती. पुढून "हजर, बाई!" यायचं, कधी जांभई देत, कधी डब्यातलं खात खात. ते एकदा शेवटचं कानात भरून घ्यायचं आणि मग खुशाल घरी बसून पापड लाटायचे. एवढीच इच्छा. इच्छा इतकी बारीक असली की ती हमखास पुरी होणार असं आपलं वाटतं. तसं काही नसतं.

बाई कोपरला राहायच्या, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत. सासर कणकवलीकडचं, साटमांचं. नवरा दौलतराव ठाण्याच्या कोर्टात शिपाई होते, आता रिटायर. कोर्टात त्यांचं काम दाराशी उभं राहून पुकारा करायचं. अमुक तमुक हाजिर हो. तीन वेळा पुकारायचं. तिसऱ्यांदाही माणूस आलं नाही की आत साहेब एकतर्फी निकाल लिहून मोकळे. म्हणजे दोघांनीही जन्मभर परक्यांची नावं मोठ्यानं घेऊन संसार केला. एकमेकांचं नाव मात्र कधी घेतलं नाही. ही म्हणायची "अहो", ते म्हणायचे "अगं", त्यावरच सगळं निभावलं.

बाई कडक होत्या, पण हात उगारायच्या नाहीत. त्यांची शिक्षा ठरलेली. पोर चुकलं की बोट दाराकडे. "बाहेर." पोर गुपचूप जाऊन चौकटीला लागून उभं राहायचं. नियम असा की बाहेर काढलेल्यानं आपण होऊन उंबरा ओलांडायचा नाही. विनवायचं नाही, रडायचं नाही. बाईंचा राग उतरला की बाई स्वतः दारापर्यंत जायच्या, पोराचं मनगट धरून आत आणायच्या आणि हातात डस्टर द्यायच्या. "फळा पूस." फळा पुसून झाला की भांडण मिटलं. बाई कधी माफी मागत नसत आणि कुणाला मागायलाही लावत नसत. सगळं त्या डस्टरवर भागायचं. काही पोरं तर डस्टर मिळावं म्हणून मुद्दाम मस्ती करायची.

कधी पाच मिनिटांत राग उतरायचा, कधी दोन तास जायचे. एकदा एका पोराला बाहेर काढून बाई पार विसरल्या आणि शाळा सुटल्यावर ते तिथंच उभं सापडलं, चड्डी ओली करून. ही गोष्ट बाई हसून सांगायच्या. ऐकणारेही पोट धरून हसायचे. त्या पोराला कुणी विचारलं नव्हतं.

मग तो आजार आला, शाळेला टाळं लागलं, आणि जूनमध्ये वरून हुकूम आला की आता शिकवायचं फोनवर. बाईंकडे दहावी ब. रिटायर व्हायला एक वर्ष. या वयात कुणी नवीन सून घरात आली तरी जुळवून घेताना घाम फुटतो, आणि हा तर फोन. पुण्याला दिलेल्या लेकीनं आपला वापरलेला फोन धाडून दिला. शाळेतले कॉम्प्युटरचे प्रीतम सर, पंचविशीतला मुलगा, यांनी एका तासात सगळ्या शिक्षकांना शिकवून टाकलं.

"बाई, हे म्यूट, हे अनम्यूट. हा व्हिडिओ. हे पार्टिसिपंट. हे दाबलं की सगळ्यांचा आवाज बंद. हे को-होस्ट. हे रिमूव्ह. हे एण्ड. सिंपल आहे."

"सिंपल तुझ्यासाठी रे बाबा," बाई म्हणाल्या. "आम्हाला मिक्सरचं एकच बटण, तेही उलटं फिरतं."

प्रीतम हसला. तो तसा वाईट नव्हता. त्याला घाई होती एवढंच.

खरी पंचाईत फोन धरायचा कुणी, ही होती. हातात धरला तर वही दिसत नाही, डब्याला टेकवला तर घसरतो. शेवटी दौलतरावांनीच डोकं चालवलं. घरात छताला टांगलेली कपडे वाळत घालायची दांडी होती, दोरीनं वर-खाली होणारी. त्यांनी ती मोकळी केली, फोन पंच्याच्या झोळीत बांधला, पंच्याला कॅमेऱ्यापुरतं भोक पाडलं आणि झोळी दांडीला लटकवली. खाली पाटावर वही. बाई वहीत लिहिणार, फोन वरून बघणार. तोंड दाखवायचं असलं की दौलतरावांनी दोरी सोडायची, फोन बाईंच्या नाकासमोर यायचा.

"जरा वर घ्या हो."

"एवढा?"

"अहो, पंख्याला लागेल! खाली."

"कोर्टात फक्त पुकारा होता. इथं फाशीचंही काम आलं," दौलतराव दोरी ओढत म्हणायचे.

हे सगळं पोरांना ऐकू जायचं. सत्तेचाळीस घरांत. बाईंना वाटायचं आपण बटण दाबलं म्हणजे आवाज बंद झाला. बटण दाबलेलं असायचं, पण दोनदा.

तरी बाई हजेरी घ्यायच्या. रोज. सत्तेचाळीस नावं, शाईच्या पेनानं कॅटलॉगमध्ये तिरकी रेघ. हेडसर म्हणाले, "साटमबाई, फोनच आपोआप हजेरी घेतो, पंधरा मिनिटं फुकट घालवू नका." बाई म्हणाल्या, फोनवर "रेडमी" आणि "आईचा मोबाईल" अशी नावं येतात, ती माझ्या वर्गात नाहीत.

आणि मग सुरू झालं ते. पहिल्यांदा बंटी म्हणाला. बंटी म्हणजे मागच्या बाकावरचा, बापाचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान. "बाई, आवाज येत नाही." बाईंनी आवाज चढवला. दुसऱ्या दिवशी सान्वी म्हणाली, "बाई, तुमचा आवाज कट होतोय." बाई आणखी चढल्या. रोज कुणी ना कुणी. बाई फोनकडे मान वर करून, गळ्याच्या शिरा ताणून शिकवायच्या, तीसतीस मिनिटं. शेजारचे लोक भिंत ठोकायचे. खालच्या मजल्यावरची बाई येऊन सांगून गेली की आमच्याकडे आजारी माणूस आहे, तुमच्या संत ज्ञानेश्वरांना जरा हळू सांगा. बाईंनी ज्येष्ठमध चघळलं, हळदीचं दूध घेतलं, डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाला बोलणं बंद ठेवा. बाई म्हणाल्या, मग पगार कशाचा घेऊ? दिवाळीपर्यंत त्यांचा आवाज फुटक्या भांड्यासारखा झाला. त्यांना गाता यायचं, गौरीच्या वेळी त्या गायच्या. ते गेलं ते गेलंच.

फेब्रुवारीत एक दिवस तास संपला. बाईंनी "बसा खाली" म्हटलं, सवयीनं. पोरं भराभर गेली. बंटीचा चौकोन तेवढा राहिला. त्याचा माईक चालू होता आणि त्याला पत्ता नव्हता. तो दुसऱ्या फोनवर कुणाशी तरी बोलत होता.

"अरे उद्या कुणाची पाळी? परवा मी केलेलं. नाय रे, सान्वीचं झालं मंगळवारी. लिस्ट बघ ना. आज म्हातारी जाम ओरडली भाई, घसा सुकला तिचा, आईशपथ. नवरा दोरी धरून उभा, हा हा. नऊ महिने झाले, अजून समजलं नाय तिला."

फोन वर लटकत होता. बाई खाली पाटासमोर बसून ऐकत होत्या. दौलतरावांच्या हातात दोरी. बंटीचा चौकोन गेला, पडदा काळा झाला.

"खाली घेऊ?" दौलतरावांनी विचारलं.

बाईंनी मान हलवली. पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि तो संपेपर्यंत खाली ठेवला नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी प्रीतमला फोन करून पुन्हा विचारलं, ते बाहेर काढायचं बटण कुठलं. त्यानं सांगितलं, नावावर बोट ठेवा, खाली लाल अक्षरं येतील. बाईंनी कॅटलॉगच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं: नाव, बोट, लाल. तीस बटणांतलं हे एक बटण त्यांना लगेच कळलं. हे त्यांचंच होतं. हे दाराकडचं बोट होतं.

दुसऱ्या दिवशी बाई टपून बसल्या. हजेरी झाली. धडा सुरू झाला. कुणी बोलेना. बंटीला बहुतेक वास लागला होता. दहा मिनिटं झाली. आणि मग एक बारीक आवाज आला.

"बाई, आवाज येत नाही."

पायल. एकतीस नंबर. पायल भगवान विशे.

आता ही पायल कोण ते सांगायला हवं. ही वर्गाची मॉनिटर. पुढच्या बाकावर बसायची, "हजर, बाई" इतक्या जोरात म्हणायची की शेजारच्या वर्गातल्या बाई हसायच्या. बाप भगवान शाळेचीच व्हॅन चालवायचा. शाळा बंद झाली, व्हॅन उभी राहिली, डोंबिवलीची भाड्याची खोली सुटली, आणि विशे मंडळी गावी खडवलीला परत गेली. भगवान पडघ्याच्या गोदामात माल उचलायला लागला. जाताना फोन लेकीकडे ठेवून जायचा. घरात नेटवर्क नाही, म्हणून पोर गावाच्या पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर अर्ध्यापर्यंत चढून बसायची, मांडीवर वही. तिथं कधी लागायचं, कधी तुटायचं. ती त्या यादीत नव्हती. त्या यादीचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला खरोखर आवाज येत नव्हता.

बाईंना यातलं बरंचसं माहीत होतं. टाकी माहीत होती, जिना माहीत होता. पण नऊ महिन्यांचा राग घशाशी आला होता आणि तो गिळायला घसाच उरला नव्हता.

"तूसुद्धा?" बाई म्हणाल्या. "तूसुद्धा गं? बाहेर हो."

नाव, बोट, लाल. पायल गेली.

वर्ग चिडीचूप. बाईंना नऊ महिन्यांत पहिल्यांदा शाळेत असल्यासारखं वाटलं, इतकं बरं वाटलं. आवाज न चढवता त्यांनी धडा पुढे नेला आणि सगळ्यांना छान ऐकू आलं.

दहा मिनिटांनी राग उतरला. बाई मनातल्या मनात दाराकडे निघाल्या. यादीत खालपर्यंत बोट फिरवलं. एकतीस नंबर कुठेच नाही.

"पायल, ये आत. ये बाळा."

कुणी तरी फिसकन हसलं. "बाई, ती रिमूव्ह झाली. अशी नाय येत आता."

प्रीतमला विचारलं. तो म्हणाला, "काढलेलं माणूस त्या मीटिंगमध्ये परत घुसू शकत नाही बाई. आजच्यापुरतं बंद. उद्या नवीन लिंक जाईल ना, त्यावरून येईल ती. टेन्शन नका घेऊ."

बाईंनी टेन्शन घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी लिंक गेली. पायल आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी बाईंनी भगवानच्या गोदामातल्या साध्या फोनवर फोन लावला.

"पोरगी फोन घेऊन टाकीवर जाऊन बसते हो रोज," भगवान म्हणाला, मागे ट्रक धडधडत होता. "नुसतीच बसते. विचारलं तर म्हणते, बाई बोलावतील तेव्हा जाईन."

इथं बाईंना कळायला हवं होतं. तेहतीस वर्षं त्यांनीच शिकवलेलं ते. पण बाईंना ते अवलक्षण वाटलं. बंटीच्या गँगनं केलं ते केलंच, आता हिची समजूत काढायला आपण जायचं?

"लिंक रोज येते ना तिला? मग उद्याच्या लिंकवरून यायला सांगा. मी काय खडवलीला हात धरायला येऊ?"

"सांगतो बाई," भगवान म्हणाला. त्यानं तसंच सांगितलं असणार. तो साधा माणूस, एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही.

पंधरा दिवसांनी वर्गाच्या ग्रुपवर सकाळी सातला मेसेज आला, भगवानच्या नावानं: "आत येऊ का, बाई?"

खाली बंटीनं लगेच लिहिलं, "नको." त्याखाली कुणी तरी दार बंद केल्याचं चित्र टाकलं. मग हसणारी पिवळी तोंडं, बावीस की तेवीस.

बाईंनी वाचलं. चहा उकळत होता. त्यांना बरं वाटलं, खोटं कशाला बोलायचं. आली शेवटी ताळ्यावर. बसू दे आणखी दोन दिवस, मग घेऊ आत. आणि बाईंनी गॅस बारीक केला.

दोन दिवसांनी तोंडी परीक्षा होती. सगळ्या विषयांची एका दमात, कारण शाळा उघडते उघडते म्हणता म्हणता पुन्हा बंदच राहणार होती. बाईंनी एकतीस नंबर पुकारला. उत्तर नाही. त्यांनी कॅटलॉगमध्ये लिहिलं, गैरहजर. बाकीच्या शिक्षकांनीही तेच लिहिलं. त्यांच्या लेखी ती एक न दिसणारा चौकोन होती.

"एकदाच पुकारलंस तिला," दौलतराव दोरी धरून म्हणाले. "कोर्टात खुनी माणसालासुद्धा तीनदा पुकारतात."

"तुमचं कोर्ट राहू दे ठाण्याला. खाली घ्या जरा."

पुढं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. बोर्डाची परीक्षाच रद्द झाली. शाळेकडे जे मार्क असतील त्यावर दहावीचा निकाल लावायचा, असं ठरलं. जूनमध्ये प्रीतम मार्क भरायला बसला, तेव्हा त्यानं बाईंना फोन केला.

"बाई, एकतीस नंबरला तोंडीचे शून्य आहेत, सगळ्यांकडे. हुशार मुलगी आहे. तुम्ही क्लासटीचर. तुम्ही बोललात तर बाकीचेही देतील. अंदाजे टाकूया?"

"हजर होती का ती?"

"नव्हती. पण बाई..."

"मग झालं तर. तेहतीस वर्षांत खोटी रेघ ओढली नाही मी. जाताजाता ओढू?"

जुलैत निकाल लागला. बंटीला शहात्तर टक्के. त्याच्या बापानं दुकानापुढं फटाके लावले. पायलला बावन्न. नववीत तिला अठ्ठ्याऐंशी होते. कल्याणच्या कॉलेजात सायन्सला जाऊन नर्सिंग करायचं तिनं आठवीपासून ठरवलं होतं, निबंधात लिहिलं होतं. तो निबंध बाईंनीच तपासला होता, वर "सुंदर" असा शेरा देऊन.

बावन्न हा आकडा बाईंनी वाचला त्या दिवशी त्यांनी भात करपवला. दौलतरावांनी करपलेला भात मुकाट्यानं खाल्ला. त्यांनी एक शब्द उच्चारला असता तर बरं झालं असतं. माणूस बोललं की भांडता तरी येतं.

एकतीस जुलै, शनिवार. बाईंचा नोकरीतला शेवटचा दिवस. निरोप समारंभही फोनवरच. हेडसर म्हणाले, हजेरी कशाला, पण बरं, पाच मिनिटं घ्या. आठवडाभर आधी प्रीतमनं विचारलं, "बाई, मी होस्ट राहीन, पण मला स्लाइड लावायच्यात. मुलांना आत घ्यायला, कुणी आगाऊपणा केला तर काढायला एक को-होस्ट द्या ना. मॉनिटर कोण होतं?"

तेव्हा बाईंना उमगलं, उशिरा का होईना, की अजून एक डस्टर द्यायचं राहिलंय.

"पायल विशे," त्या म्हणाल्या. "तिला कर. तिनंच घ्यायचं सगळ्यांना आत."

त्यांनी स्वतः फोन लावला. या वेळी पोरीनंच उचलला.

"पायल, मी बाई बोलतेय. शनिवारी माझा निरोप आहे. तू मॉनिटर. येशील ना?"

पलीकडे वाऱ्याचा आवाज. टाकीवर असणार.

"येईन, बाई."

बस्स, एवढंच बोलणं झालं. निकालाचा विषय बाईंनी काढला नाही. चुकलं माझं म्हणायला चार शब्दसुद्धा लागत नाहीत, दोन पुरतात. पण बाईंना वाटलं, काम सांगितलं, ती हो म्हणाली, मिटलं. त्या रात्री त्यांना किती दिवसांनी गाढ झोप लागली.

शनिवारी अकराला बाई पैठणी नेसून पाटासमोर बसल्या. नथ घातली. ही फोनमध्ये दिसते का बघा हो, म्हणाल्या. दौलतरावांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि दोरी धरली. पंच्याची झोळीही धुतलेली. पायल बरोबर वेळेवर होती. एकेकाला आत घेत होती, न बोलता. बंटी आला, सान्वी आली. सत्तेचाळीसपैकी एकोणचाळीस आली, बाईंना भरून आलं. हेडसर आले, संस्थेचे दोन लोक आले.

बाईंनी कॅटलॉग उघडला.

"एक. अभिषेक."

"हजर, बाई!"

"दोन."

"हजर, बाई!"

काय सांगावं, ते कसं होतं. पोरांचे आवाज वर्षात फुटले होते, घोगरे झाले होते, पण हजर तेच. बंटीसुद्धा नीट म्हणाला. बाई प्रत्येक नावाला मान वर करायच्या, ऐकायच्या, रेघ ओढायच्या. त्यांचा फुटका आवाजही त्या दिवशी गोड लागत होता. तीस झाले.

"एकतीस. पायल भगवान विशे."

बाईंनी पेन हवेत धरलं. हिचा हजर सगळ्यांत मोठा येणार.

"आवाज येत नाही, बाई."

स्वच्छ आवाज. वारा नाही, खरखर नाही. कुणी तरी हसू दाबलं.

बाईंनी घसा साफ केला. "एकतीस! पायल भगवान विशे!"

"आवाज येत नाही, बाई."

आता हसू फुटलं. बंटी हसला, सान्वी हसली. हेडसर म्हणाले, "साटमबाई, जरा मोठ्यानं." दौलतरावांनी दोरी सैल सोडून फोन अगदी बाईंच्या तोंडापाशी आणला. बाईंनी सगळा जीव घशात आणला आणि मान वर करून ओरडल्या, इतक्या जोरात की नथ हलली.

"पायल! भगवान! विशे!"

"तीन झाले," दौलतराव हळूच म्हणाले.

आणि पडदा पांढरा झाला. त्यावर एक ओळ आली. बाईंनी चष्मा वर करून वाचली. होस्टनं तुम्हाला या मीटिंगमधून काढलं आहे.

बाईंनी लिंक पुन्हा दाबली. आत घेईना. पुन्हा दाबली. प्रीतमला फोन लावला, तो उचलेना, स्लाइड लावत असणार. दौलतराव म्हणाले नेटवर्क असेल. बाईंना माहीत होतं नेटवर्क नव्हे. त्यांनी भगवानचा नंबर लावला. लगेच उचलला गेला.

"पायल, अगं काय केलंस हे?"

"बाहेर काढलं, बाई."

"सगळे थांबले असतील गं तिकडे..."

"नाही. सरांनी विचारलं, मी सांगितलं बाईंचं नेटवर्क गेलं. हेडसरांचं भाषण चालू झालं. तुमचं कौतुक करतायत. तुम्ही कधी कुणावर हात उगारला नाही म्हणून सांगतायत."

पैठणीचा काठ बाईंनी मुठीत धरला होता.

"मी उभी होते, बाई," पायल म्हणाली. रडत नव्हती, ओरडत नव्हती. वाचून दाखवल्यासारखं बोलत होती. "बावीस दिवस. तुम्ही आणायला येणार म्हणून. विचारलंसुद्धा मी, आत येऊ का. तुम्ही वाचलंत. वाचलेलं कळतं फोनमध्ये."

"चुकलं माझं, पायल. चुकलं गं."

हे दोन शब्द तेहतीस वर्षांत त्यांनी कुठल्या पोराला म्हटले नव्हते. बाहेर पडायला ते इतके सोपे निघाले की बाईंना स्वतःचंच नवल वाटलं.

"हो," पायल म्हणाली.

"मग आता घे मला आत. सोळा नावं राहिलीत. फक्त सोळा."

"आजच्यापुरतं बंद असतं, बाई. उद्याच्या लिंकवरून या."

फोन बंद झाला.

उद्याची कसली लिंक? उद्या रविवार, पहिली तारीख, आणि बाई कुणाच्याच बाई नव्हत्या.

त्या तशाच बसून राहिल्या. उठून साडी बदलावी असं त्यांना वाटेना, कारण कोण जाणे, प्रीतमच्या ध्यानात येईल, कुणी तरी पोर म्हणेल की बाई कुठायत, आणि घेतील आत. बारा वाजले. सव्वाबाराला प्रीतमचा मेसेज आला. "बाई, तुमचं नेटवर्क गेलं वाटतं, बॅड लक! पण प्रोग्रॅम मस्त झाला, शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शाल-श्रीफळ कुरियरनं पाठवतो." सोबत फोटो. एवढे सगळे चौकोन, प्रत्येकात टाळ्या वाजवणारे हात. बाईंनी बोटांनी मोठा करून बघितला. भगवान नावाच्या चौकोनात पायल होती, मागे टाकीचा लोखंडी जिना. ती टाळ्या वाजवत नव्हती. हात मांडीवर ठेवून सरळ बसली होती, पुढच्या बाकावर बसायची तशी.

दौलतरावांच्या हातात अजून दोरी होती. तासाभरात त्यांनी ती सोडली नव्हती, का ते त्यांचं त्यांना ठाऊक.

"कॅटलॉग मिटू का?" त्यांनी विचारलं.

"थांबा. रेघ राहिलीय."

बाईंनी पेन उचललं. तिसाव्या नावापर्यंत रेघा होत्या. एकतिसावं कोरं. बाईंनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. खोटी रेघ त्यांनी कधी ओढली नव्हती, आणि पोर हजर होती, सगळ्यांत आधी आली होती, शेवटपर्यंत थांबली होती. बाईंनी एकतिसाव्या नावापुढं रेघ ओढली. बत्तीसपासून खालची घरं तशीच रिकामी ठेवली.

"आता सोडा," त्या म्हणाल्या.